अलार्म बंद, पहाऱ्यावर सवत

या सदरातले अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचते. खरं सांगू? हसायला वाचते. एक पिंपळ, एक पांढरी साडी, आणि दुसऱ्या दिवशी गावातला कुणीतरी म्हातारा सांगतो की 'तिथं एक बाई वारली होती'... झालं! आम्ही बौद्ध. माझं माहेर रावेरकडचं, वडील शाळामास्तर. बावीस प्रतिज्ञा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाल्या. अंगात येणं, उतारा टाकणं, पितर जेवू घालणं — या गोष्टींना आमच्या उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. सासरही तसंच. त्यामुळे आज हे लिहायला बसले तर वडिलांच्या आठवणीनं कान गरम झाले आहेत. पण घडलं ते घडलं. नावं बदलली आहेत, हॉस्पिटल कुठलं ते सांगणार नाही, आणि विश्वास ठेवा असा आग्रहही नाही.

आम्ही जळगावला असतो. माझे मिस्टर — त्यांना इथे अनिल म्हणू — फायर अलार्म बसवायचं आणि त्यांची देखभाल करायचं काम करतात. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा केलेली. आधी एका दुकानात पॅनल विकायचे, तिथंच आमची ओळख झाली आणि लग्नानंतर मीही त्यांच्याबरोबर साइटवर जायला लागले. माझं हे पहिलं लग्न, त्यांचं दुसरं. पहिली बायको मंगल, साक्रीकडची. तापाचं निमित्त होऊन आठवड्याभरात गेली. मूलबाळ नव्हतं. ती गेल्यावर दोन वर्षांनी मी आले.

तर ही मंगल. मी तिला कधी पाहिलं नाही, फक्त हॉलमधल्या फोटोत बघते. पण सहा वर्षं झाली, ती माझ्या घरात माझ्यापेक्षा जास्त राहते. भाजीत मीठ जास्त पडलं की सासूबाई काही बोलत नाहीत, फोटोकडे बघतात. एखाद्या साइटवर केबल कमी पडली की आमचे जुने वायरमन किशोरभाऊ त्यांच्या अहिराणीत म्हणणार, "मंगलवहिनी ऱ्हाती ते मोजीसन आणती." ती मंगलवहिनी. मी सहा वर्षांनंतरही 'नव्या वहिनी'. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही! आणि मुकाट ऐकून घ्यायचं, कारण मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. जिवंत असती तर मी तिला दोन दिवसांत सरळ केलं असतं... किंवा तिनं मला.

मला तिचा हेवा वाटतो. सरळच लिहिते. तेव्हाही वाटायचा, आजही वाटतो.

आता आमचं काम थोडं समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं अलार्मची देखभाल म्हणजे बटण बंद केलं, काम केलं, बटण चालू केलं. तसं नसतं. अलार्म चालू ठेवून छतात ड्रिल मारलं तर नुसत्या धुळीनंही भोंगा बोंबलतो, आणि हॉस्पिटलात भोंगा बोंबलला की पेशंट सलाईनसकट जिन्याकडे पळतात. म्हणून जेवढ्या भागात काम करायचं तेवढाच भाग पॅनलवर बंद करायचा, बाकी बिल्डिंग जागी ठेवायची. त्याआधी ऑफिसला सांगायचं, वॉचमनला सांगायचं, प्रत्येक मजल्यावरच्या सिस्टरला सांगायचं, अग्निशमनवाल्यांना फोन करून ठेवायचा. भोंगा वाजला की लिफ्ट आपोआप खाली येते, एसी बंद होतो, ते कनेक्शन तात्पुरतं सोडवायचं. पॅनलवर ठळक पाटी लावायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जेवढा भाग आपण आंधळा केला, तेवढ्या भागात एक माणूस सतत फिरता ठेवायचा. यंत्र झोपलं की माणूस जागा. याला आम्ही पहारा म्हणतो. पहाऱ्यावरच्या माणसानं दुसरं काही करायचं नाही, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा कुणाला द्यायचा नाही. नुसतं फिरायचं, बघायचं, वास घ्यायचा.

मंगल असताना पहारा तिचा असायचा. आणि तिची एक पद्धत होती. प्रत्येक फेरीला जिन्यात उभी राहून ती यांना हाक मारायची. हे असतील तिथून 'ओ' द्यायचे. 'ओ' आली की मगच पुढचं पाऊल. शाळा असो, गोडाऊन असो, बँक असो... हाक आणि ओ. किशोरभाऊ हे प्रत्येक साइटवर नव्यानं सांगतात. "आते तुम्ही फिरतस ते ठीक शे वहिनी, पन मंगलवहिनीनी हाक म्हंजे..." असं म्हणून ते पुढचं वाक्य हवेत सोडून देतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पहारा आता माझ्याकडे आहे. पण मी हाक मारत नाही. मी फोन करते. सोपं, सभ्य, आरडाओरडा नाही. कारण विचाराल तर तेवढंच नव्हतं, हे तुम्हाला कळलंच असेल.

तर एप्रिलमधला रविवार. धुळ्यातलं एक खासगी हॉस्पिटल, हायवेपासून थोडं आत, तीन मजले आणि वर गच्ची. रविवारी ओपीडी बंद असते म्हणून त्यांनी तो दिवस दिला होता. आम्ही तिघं सकाळी गाडीनं जळगावहून निघालो. पारोळ्याला चहाला थांबलो आणि तिथं भांडण झालं. कारण ऐकून हसाल. पाटी!

'अलार्म बंद आहे. माणूस फिरत आहे.' अशी एक पत्र्याची पाटी आमच्याकडे आहे. लाल रंगानं, हातानं रंगवलेली, अक्षर मंगलचं. कडा गंजल्यात, 'फिरत'मधला 'र' अर्धा उडालाय. मी हौसेनं नवीन ॲक्रिलिकची पाटी करून आणली होती, छान मोठ्या अक्षरात, अंधारातही चमकणारी. यांना दाखवली तेव्हा "वा, मस्त" म्हणाले होते. आणि चहा पिता पिता किशोरभाऊंनी विचारलं, "मंगलवहिनीनी पाटी शे ना गाडीमा?" तर हे म्हणाले, "आहे ना, तीच लावू."

"मग मी केलेली कशाला आणली?" मी विचारलं.

"असू दे सुजाता, पाटीच तर आहे. लोकांना तिची सवय झालीय."

"कुठल्या लोकांना? या हॉस्पिटलात आपण पहिल्यांदा जातोय!"

यावर हे गप्प. भांडणात गप्प बसणारा माणूस फार वाईट. ओरडणाऱ्यावर ओरडता तरी येतं. किशोरभाऊंनी बशीतला चहा फुंकत बाहेरचे ट्रक मोजायला सुरुवात केली. 

हॉस्पिटलात पोचलो. सगळ्यांना सांगून झालं. तिसऱ्या मजल्यावर एका बाजूला पेशंटच्या खोल्या आणि दुसऱ्या बाजूला नवीन खोल्यांच्या छताचं काम चालू होतं. तिथले धूर ओळखणारे डिटेक्टर काढून नवीन बसवायचे होते. गच्चीवर लिफ्टची मशीन रूम, तिथलाही एक डिटेक्टर याच भागाला जोडलेला. म्हणजे तिसरा मजला बंद केला की मशीन रूमही आंधळी. किशोरभाऊ खाली पॅनलपाशी थांबले. पॅनलवर अर्थातच गंजकी पाटी झळकली. माझी गाडीत राहिली.

तिसऱ्या मजल्यावरून गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी मी लाल-पांढरी पट्टी बांधली. पेशंटचे नातेवाईक वर कपडे वाळत घालायला जातात, त्यांना अडवायला. तिसऱ्या मजल्यावरचं उरकून हे दुपारी त्या पट्टीखालून वाकून वर निघाले. एका हातात छोटा स्टूल, एका हातात वायरला लटकणारा जुना हँडलॅम्प.

"मशीन रूममधला बदलतो," हे म्हणाले. "हाक मारत राहा. वर फोनला रेंज नाही म्हणतोय वॉचमन."

"हॉस्पिटल आहे. हाका काय मारायच्या?"

"हळूच मार. जिन्यातून ऐकू येतं."

"मी मंगल नाही," मी म्हटलं.

यांनी स्टूल काखेत मारला. मग वर गेले.

मी फिरायला लागले. पेशंटच्या खोल्या, ड्रेसिंगची खोली, कपड्यांचं कपाट, नव्या खोल्यांमधला भुसा, परत फिरून पेशंटच्या खोल्या. सगळं नीट बघत होते, कामात कसूर केली नाही. मधे यांना फोन लावला — लागला नाही. परत लावला, तेच. म्हटलं, रेंज नाही आणि वरून फुगलेत, राहू देत. पहारा आपण पेशंटसाठी करतो, सामानासाठी करतो. जो स्वतः आग ओळखायची यंत्रं बसवतो त्याच्यावर पहारा कोण ठेवतं? आमच्या धंद्यातली ही सगळ्यांचीच चूक आहे. आपला माणूस आहे तिथं आपण बघत नाही.

अशाच एका फेरीत गच्चीच्या जिन्यापाशी आले, तर वरच्या वळणावर एक बाई बसलेली.

पट्टीच्या पलीकडे. वळणाला मोठी खिडकी आहे, तिच्यातून धुळ्याचं उन्हाळ्यातलं ऊन असं आत येत होतं की बाईचं तोंड दिसत नव्हतं, नुसती काळी आकृती. साडी, डोक्यावरून पदर, गुडघ्यावर कोपर. पेशंटबरोबर आलेली कुणी खेड्यातली बाई असणार, सावलीला बसली असेल — मला इतकंच वाटलं. भीती नाही, अंगावर काटा नाही, थंड वाऱ्याची झुळूक नाही. राग आला.

"ओ मावशी," मी म्हटलं, "तिथं बसायचं नाही. पट्टी दिसत नाही का? काम चालू आहे."

ती हलली नाही. घोगऱ्या, बसक्या आवाजात म्हणाली, "वर जाय व. घुम्या पडेल शे."

जणू शेजारीण सांगते आहे की तुझं दूध उतू चाललंय! घाई होती, पण विनवणी नव्हती.

"कोण घुम्या?" मी विचारलं. मला अहिराणी समजते, 'पडेल शे' म्हणजे पडलाय हे कळलं, पण बोलता येत नाही. आमच्या रावेरकडची बोली वेगळी.

ती पुढे जे बोलली ते ऐकून मी पट्टीखालून वाकले आणि पायऱ्या चढायला लागले. का, ते सांगता येत नाही. पहाऱ्यावरच्या माणसानं आपला मजला सोडायचा नसतो, हा मीच सगळ्यांना पढवलेला नियम, आणि मी कुणाला न सांगता निघाले होते. वळणावर पोचले तर बाई नव्हती. मला वाटलं, माझ्या पुढं वर गेली.

गच्चीवर कुणीही नव्हतं. पाण्याच्या टाक्या, दोरीवर वाळत घातलेल्या हिरव्या चादरी, आणि ऊन. मशीन रूमचं लोखंडी दार वाऱ्यानं आपटून बंद झालेलं, बाहेरची कडी आपोआप खाली पडलेली. आणि दाराच्या खालच्या फटीतून अगदी बारीक, उदबत्तीएवढा धूर.

कडी काढली. आत हॉस्पिटलवाल्यांनी जुन्या फोमच्या गाद्या रचून ठेवल्या होत्या, तिथं ठेवायची गोष्ट नसूनही. स्टूल आडवा. हे जमिनीवर एका कुशीवर, डोक्याला खोक पडलेली, आणि त्यांच्या हातातून सुटलेला तो हँडलॅम्प गादीवर पडून गादी आतल्या आत धुमसत होती. ज्वाळा नव्हती. नुसता काळा, घशाला चिकटणारा धूर. छतातला डिटेक्टर यांनी स्वतःच्या हातानं काढलेला, तो शेजारी डबीत. खाली पॅनलवर तो भाग बंद. म्हणजे या खोलीत काय चाललंय हे सांगणारं जगात काहीही उरलेलं नव्हतं.

तोंडाला ओढणी बांधली आणि दोन्ही काखांत हात घालून यांना ओढत बाहेर काढलं. कोपर सोलवटलं, चप्पल आत राहिली. "अहो... अहो..." करत होते, हे काही ओ देत नव्हते. मग गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून मी अशी बोंब मारली — "किशोरभाऊऽऽ!" — की रस्त्यावरचा उसाचा रसवाला वर बघायला लागला. किशोरभाऊ आणि वॉचमन आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आले. गादी विझली. यांना स्ट्रेचरवर घालून खाली नेलं. आग लागायचीच असेल तर हॉस्पिटलात लागावी! पाच-सहा मिनिटांत ऑक्सिजन, टाके, सगळं सुरू. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ आणखी गेला असता तर धुरानंच काम झालं असतं.

किशोरभाऊ रडत होते, पण माणूस पक्का. रडत रडत वॉचमनला तिसऱ्या मजल्यावर पहाऱ्याला उभं केलं, मग स्वतः मशीन रूममधला डिटेक्टर बसवून तो भाग परत चालू केला, तपासला, पाटी काढली. आमच्यात असंच आहे. घरात मढं पडलं तरी बिल्डिंग आंधळी सोडून जायचं नाही.

मी बाहेरच्या बाकावर बसले होते तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, मघाशी जिन्यात कोणावर ओरडत होता तुम्ही? मी बघायला आले तर तुम्ही एकट्याच वर बघून बोलत होता."

"ती बाई होती ना, वळणावर," मी म्हटलं.

"वळण मला दिसत होतं की. कोणी नव्हतं."

गच्चीवरून खाली यायला दुसरा जिना नाही. पट्टी जशीच्या तशी होती. तिसऱ्या मजल्यावर डोक्यावरून पदर घेतलेली, अहिराणी बोलणारी कुणी बाई त्या दिवशी नव्हती. पेशंटमध्ये नाही, आयांमध्ये नाही. मी स्वतः खोली न् खोली फिरून पाहिलं. कॅमेरा आहे, पण तो जिन्याच्या तोंडाशी. त्यात मी दिसते, हातवारे करताना दिसते, वळण दिसत नाही. तरीही मी म्हटलं, असेल कुणीतरी, गेली असेल निघून. त्या क्षणी मला भुताबिताचं सुचलंच नाही. नवरा वाचला होता, डोकं तिथंच अडकलं होतं.

संध्याकाळी हे शुद्धीवर आले. डोक्याला पट्टी, तोंडाला मास्क. मी रागावून रागावून बोलत होते, कारण रडू आवरायचा मला तेवढा एकच मार्ग येतो. "गाद्या दिसल्या नाहीत का? दाराला दगड लावता येत नव्हता? ती बाई बसली होती जिन्यात म्हणून! नाहीतर मी कशाला वर येते?"

"कोण बाई?" यांनी मास्क बाजूला केला.

"काय माहीत. इकडचीच असेल, किशोरभाऊंसारखीच बोलत होती. म्हणाली, घुम्या पडेल शे."

माझं वाक्य संपायच्या आत यांचा चेहरा बदलला. इतका, की मी सिस्टरला हाक मारायला उठले. यांनी माझं मनगट धरलं.

"काय म्हणाली? परत म्हण."

मी परत म्हटलं.

"घुम्या म्हणाली?"

"हो. कोण घुम्या?"

यांनी मनगट सोडलं. मग म्हणाले, "मी. मंगल म्हणायची. घरात, दोघंच असलो की. भांडणात मी गप्प बसायचो म्हणून." मग थांबून म्हणाले, "आईलासुद्धा माहीत नाही."

बघा. मी सहा वर्षं 'अहो' म्हणतेय, आणि ती 'घुम्या' म्हणायची. तो माणूस नुकताच मरणाच्या दारातून आलेला, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे. खोटं कशाला सांगू?

"आवाज कसा होता?" यांनी विचारलं. "बसका होता का?"

"होता."

"तोंड दिसलं?"

"ऊन होतं."

"साडी कुठली?"

"अहो, मी साडी बघू की..."

"सुजाता, आठव." यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मी किती जिन्यांत थांबलोय माहितेय तुला? प्रत्येक साइटवर. काम संपलं की सगळे खाली जातात, आणि मी जरा मागं राहतो. वाटतं, एकदा येईल हाक. इतकी वर्षं... एकदासुद्धा नाही आली." आणि मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आणि तुला आली?"

त्या दोन-तीन शब्दांत कौतुक नव्हतं, आभार नव्हते. ती नजर मी ओळखली, कारण ती माझीच आहे. हॉलमधल्या फोटोकडे मी जशी बघते, तसे हे माझ्याकडे बघत होते. माझ्या नवऱ्याला माझा हेवा वाटत होता! मंगल त्याच्याकडे न जाता माझ्याकडे आली म्हणून. मी कोपर सोलवटून, अनवाणी, तापलेल्या गच्चीवरून त्याला ओढत आणला, आणि तो माझ्याकडे त्या बाईच्या आवाजाचा हिशेब मागत होता.

"अजून काही म्हणाली?" यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

आता तुम्ही स्पष्टीकरण द्याल. माझ्या भावानंही दिलं. तो म्हणतो, हे कधीतरी झोपेत 'घुम्या' बरळले असतील, ते माझ्या कानात राहिलं असेल. फोन लागत नाही म्हणून आत कुठंतरी काळजी वाटत होती, नाकाला धुराचा वास आधीच लागला होता, आणि डोक्यानं त्या सगळ्याची एक बाई बनवली. असेल. माझंही शिक्षण मला हेच सांगतं. पण मग माझ्या डोक्यानं मला बोलता न येणाऱ्या भाषेत का बोलावं? आणि 'पडेल शे' हे त्याला कसं कळलं? धुराचा वास येतो एकवेळ, माणूस स्टूलवरून पडल्याचा वास येत नाही. मी त्या जिन्यात नंतर भर दुपारी जाऊन उभी राहिले आहे. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. मला आजही कळलेलं नाही ती कोण होती.

आता ते, जे मी यांना सांगितलं नाही आणि वर तुम्हालाही नीट सांगितलं नाही. मी 'कोण घुम्या' विचारल्यावर ती बाई म्हणाली होती —

"मी हाका मारस. त्याले ऐकू येत नई. तू जाय."

याचा अर्थ मला दोन दिवसांनी, सुट्टी मिळून घरी परतताना, गाडीत यांचं डोकं माझ्या खांद्यावर असताना कळला. ती हाका मारतेय. हे इतकी वर्षं जिन्यांत थांबतात, ते वेड्यासारखे नाही थांबत. ती खरंच मारतेय, आणि यांना ऐकू जात नाही.

हे एक वाक्य सांगितलं तर या माणसाच्या मनावरचा केवढा दगड उतरेल, मला माहीत आहे. तिनं माझा नवरा वाचवला, तिचं एवढं तरी देणं मी लागते, हेही माहीत आहे. पण सांगितलं तर हा जन्मभर कान लावून बसेल. जेवताना, झोपताना, माझ्याशी बोलताना. आत्ता निदान कधीकधी तरी माझं ऐकतो.

आताशा पहाऱ्यावर मी हाक मारते. फोन बंद. जिन्यात उभी राहून जोरात, "अहोऽऽ", आणि 'ओ' आल्याशिवाय हलत नाही. किशोरभाऊंना वाटतं मी मंगलवहिनीची पद्धत उचलली, खूश असतात बिचारे. 'ओ' यायला मात्र जरासा वेळ लागतो. मला माहीत असतं, वर हे हातातलं काम थांबवून आधी ऐकत असतात, की हाक दोघींची आली का एकीचीच.

मी लगेच दुसरी हाक मारते. पहिलीपेक्षा मोठ्यानं.